चौथी किल्ली

१

चैत्र-वैशाखात आमच्या प्रकाशा गावी दुपारी कोणी कोणाच्या दारी जात नाही. तापीवरून येणारा वारासुद्धा त्या वेळी चुलीतून निघाल्यासारखा असतो. सकाळची कामं उरकली, भाकरी खाऊन झाली की प्रत्येक घराचं दार आतून बंद. जमिनीवर पाणी शिंपडायचं, अंधार करायचा आणि उन्हं कलेपर्यंत निपचित पडून राहायचं. या वेळेला चोरसुद्धा झोपतो, असं माझे सासरे म्हणायचे.

म्हणून आमचं दार दुपारी उघडं सापडायला लागलं तेव्हा आधी मी माझ्यावरच चिडले. म्हटलं, मंगले, लक्ष कुठे असतं तुझं?

घरात आम्ही तीन माणसं. सासरे नवल पाटील, त्यांना सारा गाव बापू म्हणे. सासू मोतीबाई, तिला मी माय म्हणायची. आणि मी, शहाद्याच्या मास्तरांची मुलगी, चार बुकं शिकलेली आणि त्यामुळे जरा फटकळ. चौथे आमचे हे. ते लढाईवर गेले होते, बसऱ्याला, समुद्रापलीकडच्या वाळवंटात, खेचरांच्या पलटणीत. लढाई संपून वर्ष उलटलं तरी परतले नव्हते. सरकारदरबारी विचारलं तर मेल्याचं कोणी सांगेना आणि जिवंत असल्याचंही कोणी सांगेना. माझ्या हातातल्या बांगड्या होत्या त्या बापूंच्या जिवावर. भाऊबंद कुजबुजायला लागले की बापू ओट्यावर उभे राहून ओरडायचे, "मन्हा पोऱ्या जित्ता शे! जो दुसरं बोली त्यानी मन्हा दारमा पाय ठेवाना नही!"

आमच्या दाराचं कुलूप लोहाराच्या हातचं होतं. आतल्या अंगाला जाड लोखंडी पट्टी, बाहेरून एक भोक. वीतभर लांब किल्ली त्या भोकात घालून फिरवली की पट्टी खर्रर्र करत सरकायची. किल्ल्या दोन. एक मायच्या कमरेला. दुसरी ह्यांची. हे मळ्यात पाणी धरायचे, दुपारी अवेळी परतायचे. आम्हांला उठवायला नको म्हणून स्वतःच उघडून आत यायचे. आधी पायातले जोडे काढून ओट्यावर दोनदा आपटून माती झाडायची. मग किल्ली. आत आले की किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवायची आणि घागरीतलं पाणी उभ्याउभ्याच घटाघटा प्यायचं. मी पडल्यापडल्या कुरकुरायची, "बसून प्या हो, पाणी कुठे पळून जात नाही."

लढाईवर निघाले तेव्हा ती किल्ली करगोट्यात ओवून घेतली. मी म्हटलं, "बसऱ्याला काय आपलं दार आहे?" तर हसले आणि म्हणाले, "मी येसू तव्हय तू झोपेल ऱ्हाशी."

तर तेच दार. मी माझ्या हाताने पट्टी सरकवून बंद केलेलं. उठून बघते तो चार बोटं उघडं, पट्टी मागे ओढलेली, आणि फटीतून उन्हाची एक पांढरी पट्टी जमिनीवर पडलेली. घरातलं काही गेलेलं नाही. ताटवाट्या जागच्या जागी, धान्याची कोठी जशीच्या तशी. असं एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटलं लोखंड झिजलंय, उन्हाने लाकूड आक्रसतंय, पट्टी आपसूक घसरते. मी बोटाने घसरवून पाहिली. ती हलायला सुद्धा मनगटाचा जोर लागत होता.

२

त्याच सुमारास पलीकडच्या आळीत सुरुपसिंगाकडे चोरी झाली. चोरांनी मागची मातीची भिंत पोखरली आणि आतली भांडी नेली. बापूंनी लगेच ठरवलं, आपल्या दाराला पक्कं कुलूप पाहिजे, इंग्रजी बनावटीचं.

मी म्हटलं, "बापू, चोर भिंतीतून आला होता. दारातून नाही."

"तू चूप ऱ्हाय," बापू म्हणाले. "तुले काय समजस?" आणि लगेच, "सकाळी गाडीमा बठ. वाचीसन देखाले कोनी पाहिजे."

म्हणजे समजत नाही म्हणायचं आणि वाचायला न्यायचं. आमच्या घरची तऱ्हाच अशी. उजाडायच्या आत तापीच्या आटलेल्या पात्रातून गाडी घातली आणि आम्ही नंदुरबारला बाजारात पोचलो. बोहऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्याने बापूंपुढे कुलपं मांडली.

पहिलं अक्षरांचं होतं. चकत्या फिरवून ठरलेला शब्द जुळवला की उघडायचं, किल्ली नाहीच. बापूंना ते फार आवडलं, पण त्यांना अक्षर येत नव्हतं. "म्हंजे मन्हाच घरमा जावाले मी सूनले इचारू?" म्हणून ते बाजूला सारलं. दुसरं चोरकुलूप, भोक एका फुलाखाली लपवलेलं. मायची नजर अधू, तिला ते सात जन्मांत सापडलं नसतं. तिसरं मात्र दारातच बसवायचं, पितळी तोंडाचं, भोकावर छोटं झुलतं झाकण. किल्ली बोटाएवढी, पण दात असे की दातांत दात.

"पाटील, आत पाती आहेत," दुकानदार म्हणाला. "सगळी एकदम बरोबर उचलली तरच जीभ सरकते. परकी चावी घाला, फिरणारच नाही. चोराचा बाप आला तरी बाहेर उभा राहील."

"जुनी किल्ली त्यामा चालाव नही ना?" बापूंनी विचारलं.

मला तो प्रश्न विचित्र वाटला. दुकानदारालाही वाटला असावा. तो म्हणाला, "जुनी कशी चालेल, शेठ? चाव्या तीन मिळतील. यापेक्षा जास्त नाही, आणि कोणी बनवूनही देणार नाही. घरात माणसं किती?"

"चार," बापू म्हणाले.

"मग तीन पुरतील? चौथा कोण?"

"पोऱ्या. बसराले शे."

दुकानदाराने तिन्ही चाव्या पुढ्यात ठेवल्या. बापू ते कुलूप हातात घेऊन बराच वेळ बसले. त्यांचा अंगठा त्या झुलत्या झाकणावर फिरत होता, वर खाली, वर खाली. मी म्हटलं, "बापू, ह्यांच्याकडे जुनीच किल्ली आहे. ते आले म्हणजे?"

"आम्हीच उघाडसूत ना," बापू म्हणाले. "आपुन काय कोठे मरी जाई ऱ्हायनूत?"

परतताना मला राहून राहून एकच वाटत होतं. पोरगा जिवंत आहे म्हणून सगळ्या गावाशी भांडणारा हा माणूस, आणि त्याच पोराला बाहेर ठेवील असं कुलूप स्वतःच्या हाताने निवडून आणतो. मी बापूंकडे बघितलं. ते कुलूप मांडीवर धरून बैलांच्या शिंगांकडे बघत बसले होते.

३

सुताराने नवं कुलूप जुन्याच्या खाली बसवलं. जुनं काढायचं तर दार उतरवावं लागलं असतं, म्हणून त्याची पट्टी मागे ओढून तारेने बांधली आणि बाहेरच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकून ते बुजवलं. मायला नवी किल्ली दिली. तिने ती घेतली, पण कमरेची जुनी काही सोडली नाही. दोन्ही किल्ल्या एकमेकींवर वाजायच्या.

त्याच दुपारी मी मधल्या खोलीत आडवी झाले होते. बापू पुढच्या खोलीत, माय कोठीजवळ. डोळा लागता लागता बाहेर दोन आवाज झाले. ठप, ठप. मग थोडा वेळ काही नाही. मग खुट्.

लोखंड लाकडावर टेकल्याचा आवाज होता तो. टोक लागतंय, घसरतंय, पुन्हा लागतंय. अंधारात माणूस भोक शोधतो ना, तसं. पण बाहेर तर डोळे फुटतील एवढा उजेड होता.

मी पडूनच विचार करायला लागले. उंदीर असेल. सुताराने ठोकलेली खुंटी उन्हाने फुगत असेल. मास्तरांची मुलगी आहे मी, माझ्या वडिलांनी मला ग्रहणात जेवायला घातलंय. मग आवाज खाली सरकला. पितळेवर. किर्र, किर्र. झाकण हलल्याची बारीक टकटक.

मी उठले, दाराशी गेले. आतून बघितलं तर भोकातून येणारा उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर होता. तो गेला. मग परत आला. मग परत गेला. भोकासमोर काहीतरी येत होतं आणि बाजूला होत होतं.

"कोण आहे?" मी म्हटलं.

आवाज थांबला. कोणी पळालं नाही, पावलं वाजली नाहीत. मी किल्ली फिरवून दार उघडलं. बाहेर रस्ता पांढरा फटफटीत, टोकाच्या लिंबापर्यंत एक माणूस नाही. ओट्यावर मात्र धूळ सांडलेली होती, मूठभर. मी बोटाने उचलली. मऊ होती, पिठासारखी, आणि पांढरट. आमच्याकडची माती काळी. पावसात चिकटते, उन्हाळ्यात ढेकळं होतात, पण पांढरी कधी होत नाही. शेजारी कोणी चुना आणला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ओटा झाडून घेतला.

मागे वळले तर माय उठून बसली होती. तिने विचारलं नाही कोण होतं म्हणून.

४

नव्या पितळेवर दोन दिवसांत ओरखडे उमटले. भोकाच्या कडेने, जाड टोकाचे. एवढी मोठी किल्ली एवढ्याशा भोकात कशी जाणार? पण कोणीतरी घालू बघत होतं. चोराने असं केलं नसतं. चोराने दणका दिला असता, पहार लावली असती. हे फार सबुरीने चाललेलं होतं. जणू करणाऱ्याला वाटत होतं की चूक आपलीच आहे, आपल्यालाच नीट लावता येत नाहीये.

ते ओरखडे बघून बापू खूश झाले, म्हणजे तसं दाखवलं तरी. "देख! चोर उना, आनी हात हलवत गया. फुकट नही लयनू कुलूप!" गावभर सांगून आले. आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन दाराच्या आत पाट मांडून बसले. "आज त्यानी टाळकीच फोडस."

मला हसू आलं होतं. मी मधल्या खोलीच्या दाराआडून बघत होते. बापूंचं मुंडासं, खांद्यावर काठी, आणि घामाने भिजलेली बंडी. घोरायलाही लागले होते.

ठप, ठप.

बापूंचं घोरणं थांबलं. मला वाटलं आता ते उठतील, ओरडतील. ते उठले नाहीत. ओट्यावर जोडे झाडल्याचा आवाज होता तो. त्या घरात तो आवाज न ओळखणारं कोण होतं? डावा जोडा जोरात, उजवा जरा हलका. ह्यांची खोडच होती ती.

मग खुट्. मग किर्र. बापूंची काठी खांद्यावरून जमिनीवर घसरली. ते दाराकडे तोंड करून बसले होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला नाही. पाठ दिसत होती. भोकातला उजेड येत होता, जात होता. एकदा तर तो बराच वेळ गेला, आणि मला वाटलं, कोणीतरी वाकून डोळा लावून आत बघतंय.

बापूंनी हात पुढे केला. कडीपाशी नेला. आणि मागे घेतला.

आवाज थांबल्यावरही ते बसून होते. मी पाणी नेऊन दिलं. ते प्यायले नाहीत. म्हणाले, "मन्हा पोऱ्या जित्ता शे, मंगला."

"हो बापू."

"जित्ता मानूस दिसस. बरोबर ना? जित्ता मानूस हाक मारस."

त्या दिवसापासून बापू दुपारी घरात थांबेनासे झाले. भाकरी बांधून मळ्यात जायचे. तेव्हा मला कळलं की जुनं दार उघडं सापडत होतं त्या दिवसांतही त्यांनी तो आवाज ऐकला असणार. कुलूप त्यांनी चोरासाठी आणलंच नव्हतं.

५

आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीया म्हणा, पण आमच्या खानदेशात ती आखाजीच, दिवाळीहून मोठी. घराघरांतल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी आमचे पितर घरी जेवायला येतात. सकाळी उंबरठा धुवायचा. घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट टेकवायचं. नाव घेतलं की तो आत येतो. मग त्याच्या नावाची पाण्याची घागर भरायची, त्यावर खरबूज नि सांजोरी ठेवायची. वर्षभराची तहान त्या घागरीतून भागते म्हणतात.

कुंभाराकडून घागरी आल्या त्यात एक जास्त होती. मी मायला विचारलं, "ही कोणाची?"

माय गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुले म्हाईत शे."

मला जो राग आला! मी म्हटलं, "माय, आई असून असं बोलवतं तरी कसं तुम्हाला? बापू रोज सांगतात जिवंत आहेत, आणि तुम्ही घागर आणता?"

तेव्हा तिने सांगितलं. फाल्गुनात मी माहेरी गेले होते, तेव्हा ह्यांच्या पलटणीतला एक गडी येऊन गेला होता. त्याने बापूंना एवढंच सांगितलं की बसऱ्याच्या पुढे उन्हात चालत होतो, पाणी संपलेलं, हे रांगेत मागे मागे पडत गेले. तो वळून बघायचा तेव्हा दिसायचे. मग एकदा वळून बघितलं तेव्हा नव्हते. बापूंनी त्या गड्याला गूळपाणीसुद्धा न देता हाकलून दिलं आणि मायला शपथ घातली, मंगलाच्या कानावर जाता कामा नये.

मी तिच्यासमोर खाली बसले. मग माझ्यातली मास्तरांची मुलगी जागी झाली. मी म्हटलं, "पण माय, मेलेल्या माणसाला किल्ली कशाला लागेल? पितरांना काय दारं अडवतात? जो किल्ली लावतो तो जिवंतच असला पाहिजे."

माय गहू निवडायची थांबली. तिचे डोळे कोरडे होते.

"त्याले कोनी सांगेल नही ना, बाई," ती म्हणाली. "तो मरी गया हाई त्याले कोनी सांगंच नही. तो आपला येस, रोज येस तसा. जोडा झटकस, किल्ली लावस. पहिले तरी दार उघडाये. पन उंबरठावर थांबी जाये. नाव लिधाबिगर त्याले मझार येता येत नही. आते तं दार बी उघडत नही." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "देख ना, कसं ऊन शे भाहेर. त्याले पानीनी तीस लागनी व्हई."

मी हात झटकून टाकला. मला सगळं समजलं होतं आणि तेच नको होतं. बायको असेल तर नवऱ्याच्या नावाचं बोट तिनेच टेकवायचं, ही आमच्या घरची रीत. म्हणजे मी नाव घेतलं तर ते घरात येणार, पाणी पिणार. आणि मी विधवा होणार. आणि नाही घेतलं तर माझं कुंकू राहील, बांगड्या राहतील, आणि माझा नवरा भर वैशाखात स्वतःच्या दाराबाहेर उभा राहील, रोज, चुकीच्या कुलपाला किल्ली लावत.

आमचा संसार तो केवढा? दीड वर्षाचा. त्यातलं निम्मं भांडण्यात गेलं. मला ते फार आवडायचे, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. मी विचार केला, माय म्हातारी झालीय, बापू भ्यालेत, मलाही उन्हाचे भास होतात. उंदीरच असेल.

त्या दुपारी आवाज आला तेव्हा मी कानांवर उशी घेतली. तरी आला. पूर्वीपेक्षा हळू झाला होता. एक किर्र, मग फार वेळ काही नाही, मग दुसरी. दमलेल्या माणसाच्या हातासारखी.

६

आखाजीच्या दिवशी सकाळी बापू नदीवर आंघोळीला जातो म्हणून निघाले ते दुपारी आलेच नाहीत. गावातली माणसं पत्ते कुटत बसली होती, त्यांतही ते नव्हते. पोरींची झोक्यावरची गाणी ऊन तापल्यावर थांबली. मायने उंबरठा धुतला होता. आजेसासऱ्यांचं, आजेसासूचं, लहानपणी गेलेल्या नणंदेचं बोट टेकवून झालं होतं. त्यांच्या घागरी भिंतीशी ओळीने होत्या. जास्तीची घागर तिने भरून दाराच्या आत ठेवली, वर लोटा पालथा घातला, आणि माझ्याकडे बघितलं.

मी मागच्या खोलीतून बत्ता आणला.

बाहेरून खुंटीवर दोन घाव घातले, ती आत पडली. दार लावलं, जुन्या पट्टीची तार सोडली आणि पट्टी सरकवली. गंजली होती, रडल्यासारखा आवाज केला तिने. नवं कुलूप उघडंच ठेवलं. मग आम्ही दोघी दारासमोर जमिनीवर बसलो. मायने कमरेची जुनी किल्ली काढून मुठीत घट्ट धरली होती. मी ती मूठ मुद्दाम बघून ठेवली. मला कोणी फसवायला नको होतं, मायनेसुद्धा नाही.

ठप, ठप.

माय माझ्या खांद्याला टेकली. जुन्या भोकातून उजेड येत होता. तो बुजला. लोखंडावर लोखंड लागलं, आणि या वेळी घसरलं नाही. आत गेलं. क्षणभर काहीच झालं नाही. त्या बाजूला कोणी असेल तर त्याला खरं वाटत नसावं.

मग पट्टी सरकली. माझ्या डोळ्यांसमोर, खर्रर्र करत, कोणाचाही हात न लागता.

दार हळूच आत आलं. चार बोटं. आणि थांबलं.

फटीतून ऊन आत पडलं. वारा असेल, मी मनाशी म्हटलं. वाऱ्याने दार ढकललं. पण वाऱ्याने पट्टी सरकत नाही, मंगले. फटीच्या खाली, उंबरठ्याच्या पलीकडे, मला पायाची बोटं दिसली. उजव्या पायाची. फुटलेली, नखं काळी पडलेली आणि घोट्याच्या वरपर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेली. त्याच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही. ते पाऊल उचलायचं आणि पुन्हा खाली टेकायचं. जागच्या जागी. ज्याला आत यायचंय पण बोलावल्याशिवाय यायचं नाही, असं.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त मला त्या पायांची दया आली हो. किती चालून आले होते ते.

कुंकवाची वाटी उंबरठ्यापाशीच होती. मला ती दिसली नाही, का घ्यावीशी वाटली नाही, सांगता येत नाही. मी कपाळावरचंच कुंकू बोटाने पुसून घेतलं, पुढे सरकले आणि ते बोट ओल्या उंबरठ्यावर टेकवलं. त्या पायापासून माझा हात वीतभर लांब असेल. उन्हाची झळ लागत होती, आणि खेचराच्या घामाचा वास.

लग्न झाल्यापासून मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजून अर्धंच घेतलं होतं.

"हिलाल," मी म्हटलं. "हिलाल, या. आत या. पाणी प्या."

आणि डोळे मिटून घेतले. मायने माझं डोकं पदराखाली ओढलं. माझ्या अंगावरून गरम हवा गेली. मग लोटा घागरीवरून उचलल्याचा आवाज झाला, आणि पाणी पिण्याचा. उभ्याउभ्या, घटाघटा, मध्ये श्वास न घेता. लोटा पुन्हा बुडाला. पुन्हा. मी मोजलं नाही. मला ते थांबायला नको होतं.

७

डोळे उघडले तेव्हा दार बंद होतं. माय माझ्या बांगड्यांवरून हात फिरवत होती. त्या मी स्वतःच उतरवल्या, एकेक करून, एकही फोडू दिली नाही. काचेच्या होत्या, ह्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या.

उन्हं कलल्यावर बापू आले. मुंडासं काखेत, पायांना नदीची वाळू. त्यांनी माझं कपाळ बघितलं आणि तोंड उघडलं. ओरडणार होते. मग त्यांची नजर दाराशेजारच्या खुंटीवर गेली.

खुंटीला किल्ली होती. वीतभर लांब, गंजलेली, करगोट्याच्या तुटक्या काळ्या दोऱ्यात ओवलेली. मायची किल्ली अजून मायच्या मुठीत होती. तिने मूठ उघडून दाखवली. तळहातावर तिचे वळ उठले होते.

बापूंनी पुढे होऊन खुंटीवरच्या किल्लीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. घरात गार अंधार होता, तिन्हीसांज होत आली होती, आणि ते लोखंड अजून तापलेलं होतं.

"कव्हय उना?" बापूंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, मळ्यातून आल्यावर विचारायचे तसा.

"दुपारी," मी म्हटलं.

"जेवना का?"

"नही," माय म्हणाली. "पानी पिना."

बापू दाराच्या आत तिथेच खाली बसले, त्या घागरीजवळ. तिच्यात डोकावून बघितलं. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, आणि त्यात पांढरी माती बसली होती. त्यांनी घागरीच्या गळ्याभोवती हात टाकला, लहान मुलाला धरावं तसा, आणि कपाळ तिच्या काठाला टेकवलं. मग तिथूनच, मान वर न करता, त्यांनी मला विचारलं,

"थंड व्हतं का वं, पोरी?"

"हो बापू," मी म्हटलं. "सकाळीच भरलं होतं."